आधी टेप घ्या, मग कंट्रोलर

नोव्हेंबर लागला की ठरलेले फोन येतात. "अरे, तुमच्या घरासारखे गाण्यावर नाचणारे दिवे आम्हालाही लावायचेत. कंट्रोलर कुठला घेऊ?" इथे न्यू जर्सीत अनेक मराठी घरांवर दिवाळीच्या माळा उतरवायच्या कंटाळ्याने नाताळपर्यंत तशाच राहतात. राहिल्याच आहेत तर काहीतरी झकास करू, असा विचार त्यामागे असतो. मी कंट्रोलरचं नाव सांगत नाही. उलट विचारतो, गॅरेजपासून तुझ्या सगळ्यात लांबच्या झाडापर्यंत किती फूट भरतात? ते कुणीच मोजलेलं नसतं. मग म्हणतो, टेप घेऊन बाहेर जा, मोज आणि मग फोन कर.

हे वेड घरोघरी पोचवलं ते ओहायोतल्या मेसन गावच्या कार्सन विल्यम्सने. त्याच्या घराचा व्हिडिओ २००५ मध्ये जगभर फिरला. सोळा हजार दिवे आणि लाइट-ओ-रामाच्या कंट्रोलरवरचे ८८ चॅनेल. तेव्हा चॅनेल म्हणजे एका सॉकेटवरच्या माळा: एकदम लागणार, एकदम विझणार, फार तर मंद होणार. आताचा पिक्सेल, म्हणजे स्वतंत्रपणे रंग बदलणारा एकेक दिवा, लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल एकटाच खातो. पन्नास पिक्सेलच्या एका माळेला १५० चॅनेल लागतात. विल्यम्सच्या ८८ चॅनेलमध्ये जेमतेम २९ पिक्सेल बसतील. म्हणून कुणी जुना सोळा चॅनेलचा डबा स्वस्तात देत असेल, तर आपल्याकडे काय आहे ते आधी बघा. साध्या माळांना तो आजही उत्तम. पिक्सेलला त्याचा उपयोग नाही. आणि हवा भरून उभा राहणारा सँटा त्या डब्याला जोडलाच, तर त्या चॅनेलवर मंद करण्याची भानगड नको. आतल्या पंख्याच्या मोटरला ते मानवत नाही.

आता अंतराचं. पिक्सेलमधली चिप आलेला सिग्नल स्वच्छ करून पुढच्याला देते, त्यामुळे एका पिक्सेलपासून दुसऱ्यापर्यंत काळजी नसते. खरी अडचण कंट्रोलर आणि पहिला पिक्सेल यांच्यामधल्या वायरची. पंधरा-वीस फुटांपर्यंत बहुधा निभावतं, त्यापुढे सगळा नशिबाचा भाग. आमच्या अंगणाच्या टोकाला मेपलचं झाड आहे. त्याच्या माळा गॅरेजमध्ये टेबलावर झकास चालल्या आणि झाडावर चढवल्यावर वाट्टेल ते रंग दाखवायला लागल्या. विकणाऱ्याने पिक्सेलला दोष दिला, पिक्सेल बदलले. मग वीज पुरवणाऱ्या सप्लायला दिला, तोही बदलला. दोष लांब वायरचा होता.

यावर उपाय आहे, पण तो कंट्रोलरची पाटी विकत घेण्याआधी करायचा असतो. ज्या पाटीला डिफरन्शियल आउटपुट असतात, ती सिग्नल साध्या नेटवर्क केबलमधून शे-दोनशे फूट नीट पाठवते, आणि झाडापाशी ठेवलेली छोटी रिसीव्हर पाटी तिथून पिक्सेलला देते. लांबचं झाड असेल तर हे आउटपुट असलेलीच पाटी घ्या, किंवा नंतर ते जोडता येतील अशी. रिसीव्हर त्याच घराण्यातला हवा. जुने साधे रिसीव्हर आणि नवे स्मार्ट रिसीव्हर यांचं आपसात जमत नाही. आणि तो सॉकेट इंटरनेटच्या सॉकेटसारखाच दिसतो म्हणून त्यातली केबल राउटरमध्ये खुपसू नका. दिसायला जुळे, पण आतला कारभार वेगळा.

मग येतो खोक्यावर छापलेला आकडा: एका पोर्टवर, म्हणजे पाटीच्या एका आउटपुटवर, अमुक पिक्सेल. पिक्सेलमधल्या डब्ल्यूएस २८११ चिपला एका पिक्सेलची माहिती घ्यायला ३० मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला ४० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला २५ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे एका पोर्टवर साधारण आठशे पिक्सेल. सेकंदाला वीसच चित्रं चालणार असतील तर दुप्पट. तेव्हा छापील आकडा कुठल्या वेगासाठी आहे ते विचारा. खरं तर घरच्या सजावटीत इथवर वेळ येतच नाही, त्याआधी वीज संपते. पुष्कळ पाट्यांवर पोर्टमागे पाच अँपिअरचा फ्यूज असतो. १२ व्होल्टला ते झाले ६० वॉट. पुढे वीज हवी तर मध्येच वेगळी वायर आणून द्यावी लागते. नाहीतर माळेच्या शेवटचा पांढरा रंग पिवळट, मग तांबूस दिसू लागतो. म्हणून मी कमी पोर्टवर लांबच लांब माळा ओढण्यापेक्षा जास्त पोर्टची पाटी घेऊन माळा आखूड ठेवतो. पैसे थोडे जास्त जातात, पण एक माळ बिघडली तर बाकीचं घर उजळलेलं राहतं. शिवाय चमक तीस टक्क्यांवर ठेवा. पूर्ण चमकीत समोरच्यांच्या बेडरूममध्ये दिवस उजाडतो.

सप्लायबद्दल एकच गोष्ट कळकळीने सांगतो. १२ व्होल्ट, ३५० वॉटच्या अनेक सप्लायना बाजूला एक इवलासा खटका असतो: ११५ किंवा २३०. इथे तो ११५ वर हवा. हाच सप्लाय गणपतीच्या आराशीसाठी पुण्याला नेलात आणि खटका न सरकवता प्लगमध्ये लावलात, तर तो क्षणात संपला म्हणून समजा. घराच्या सर्किटचंही गणित करा. १५ अँपिअरच्या सर्किटवर १८०० वॉट दिसतात, पण तासन् तास चालणारा भार ऐंशी टक्क्यांच्या आत, म्हणजे १४४० वॉटपर्यंतच ठेवायचा. पावसात बाहेरचा जीएफसीआय प्लग, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा, ट्रिप होतो, तेव्हा चरफडत त्याला वगळून दुसरीकडून वायर ओढणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो प्लग आपला जीव वाचवायला बसवलेला असतो. पाणी कुठे शिरलं ते शोधा.

वायफायवर चालणाऱ्या छोट्या पाट्या स्वस्त असतात, त्यावर डब्ल्यूएलईडी हे फुकट सॉफ्टवेअर चढवता येतं. दिवाळीला छपराच्या कडेने रंग फिरवायचे आहेत, गाण्याशी घेणंदेणं नाही, तर याहून सोपं काही नाही. फक्त पाटीवर सिग्नल ३.३ व्होल्टवरून ५ व्होल्टवर नेणारी चिप आहे ना, हे बघा. पण घरभर गाण्याच्या ठेक्यावर दिवे हलायचे असतील तर वायफायचा भरवसा धरू नका. मधलीच माहिती गळते, आणि गाणं कडव्यावर पोचलं तरी झाड अजून धृपदातच असतं. तिथे केबलच हवी.

आणखी एक सापळा म्हणजे कंपनीच्या बंद ॲपवर चालणारा तयार डबा. आमच्या ओळखीत एका घरी असा डबा आला. पहिलं वर्ष कौतुकाचं गेलं. पुढच्या वर्षी फोन बदलला, नव्या फोनवर ते ॲप मिळेना, आणि डबा गॅरेजच्या फळीवर गेला. त्यापेक्षा ई १.३१ किंवा डीडीपी या खुल्या भाषा समजणारी पाटी घ्या. एक्सलाइट्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात गाण्यानुसार दिव्यांचा आराखडा बनतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फाल्कन प्लेअर टाकला की रोज संध्याकाळी तो आराखडा आपोआप चालतो, लॅपटॉप थंडीत कुडकुडत ठेवावा लागत नाही.

फाल्कनची पाटी बरी की कल्पची, यावर लोक तासन् तास भांडतात. दोन्ही चांगल्या आहेत. माझा निकष सरळ आहे: गाडीने अर्ध्या तासावर राहणारा जो कुणी हा उद्योग करतो, त्याच्याकडे जी आहे ती घ्या. डिसेंबरच्या संध्याकाळी, समोर गाड्या थांबलेल्या असताना अर्धं घर काळं पडलं, तर त्याच्याकडचा जादाचा रिसीव्हर तुमच्या कामी येईल आणि तुमचा त्याच्या. कनेक्टरसुद्धा त्याच जातीचे घ्या. वेगळ्या जातीचे दिसायला सारखे असले तरी एकमेकांत बसत नाहीत.

मागणी उन्हाळ्यातच नोंदवा. ऑक्टोबरात हवी ती पाटी हमखास संपलेली असते आणि मग माणूस मिळेल ते उचलतो. पाटीबरोबर मूठभर फ्यूज, एक जादा रिसीव्हर आणि झाकणाला रबरी कड असलेला डबाही मागवा. डबा जमिनीला टेकवू नका, बर्फ साचतो. वायरी खालच्या बाजूने आत घ्या आणि शिरण्याआधी त्यांना थोडा झोल द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता खालीच गळेल.