प्रोसेस मेली, नंबर उरला

साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाडीला टोकन मिळते. गाडी रिकामी होऊन गेली की तो नंबर पुढे दुसऱ्या गाडीला जातो. कालचे टोकन ध्यानात धरून आज कोणी ‘पंचेचाळीस नंबरची गाडी बाहेर काढा’ म्हणाले, तर भलताच ट्रॅक्टर बाहेर निघेल. लिनक्समधला प्रोसेसचा नंबर, म्हणजे पीआयडी, असाच फिरता असतो. तरीही कित्येक स्क्रिप्ट तो नंबर फाइलमध्ये लिहून ठेवतात आणि तासाभराने त्याच नंबरवर ‘किल’ चालवतात.

कडेगावहून कराडला किंवा सांगलीला अभियांत्रिकी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना ‘झोंबी प्रोसेस’ची व्याख्या पाठ असते. ती झोंबी स्वतःच्या मशिनवर पाहिलेली मात्र फार थोड्यांनी. जुना लॅपटॉप चालतो, इंटरनेटही लागत नाही. म्हणून ही कृती.

लागणारे साहित्य: लिनक्स कर्नल ५.४ किंवा त्यापुढचा, पायथन ३.९ किंवा त्यापुढचे, आणि एक उघडे टर्मिनल. इथे आज्ञांची नावे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत करावीत.

आधी नंबर किती आहेत ते पाहा. ‘कॅट’ने /प्रोक/सिस/कर्नल/पिड_मॅक्स ही फाइल वाचा. ३२७६८ किंवा ४१९४३०४ यांपैकी एक आकडा दिसण्याची शक्यता जास्त. कर्नल नंबर चढत्या क्रमाने वाटत जातो आणि मर्यादा आली की पुन्हा खालून, रिकामे झालेले नंबर देऊ लागतो. मर्यादा मोठी असली तर पुनरावृत्ती उशिरा होते, टळत नाही.

आता पायथन सुरू करून सबप्रोसेस, ओएस आणि सिग्नल ही मॉड्यूल आणा. ‘पीओपन’ने ‘स्लीप ३००’ सुरू करा आणि ती वस्तू ‘पी’मध्ये ठेवा. ‘पी.पिड’ हा तिचा नंबर. त्या नंबराच्या /प्रोक मधल्या फोल्डरातली ‘स्टेटस’ फाइल उघडून ‘एफ’मध्ये ठेवा. फक्त उघडा, वाचू नका.

‘पी.किल()’ चालवा आणि मग ‘एफ.रीड()’. घाई करू नका, आलेला मजकूर नीट वाचा. ‘स्टेट’पुढे झेड, म्हणजे झोंबी, दिसेल. मेमरीच्या ‘व्हीएम’ने सुरू होणाऱ्या ओळी मात्र गायब असतील. प्रोसेसने मेमरी आणि उघड्या फाइली मरतानाच परत केल्या आहेत. उरला आहे तो कर्नलमधला तिचा ‘टास्क_स्ट्रक्ट’. पालकाने अजून ‘वेट’ केलेले नाही, त्यामुळे मृत्यूचे कारण सांगणारा कोड कोणासाठी तरी जपून ठेवावा लागतो. या टप्प्यावर ‘पी.पोल()’ चालवू नका. त्यानेही वेट होते आणि झोंबी निघून जाते.

मग ‘पी.वेट()’, ‘एफ.सीक(०)’ आणि पुन्हा ‘एफ.रीड()’. या वेळी ‘प्रोसेसलुकअपएरर’ येईल: अशी प्रोसेस नाही. फाइल तुमच्या हातात उघडीच आहे, तरी मागे कोणी नाही. आणि उद्या तोच नंबर दुसऱ्या प्रोसेसला मिळाला, तरी ही जुनी फाइल तिची माहिती कधीच दाखवणार नाही.

असे का होते, हे समजणे या कृतीतले सर्वांत मोलाचे काम. /प्रोक मधली फाइल नुसता नंबर लक्षात ठेवत नाही आणि पूर्ण टास्कही धरून ठेवत नाही. ती ‘स्ट्रक्ट पिड’ नावाच्या एका छोट्या वस्तूचा रेफरन्स धरते. कर्नलच्या ‘पिड.एच’ फाइलमधल्या टिपणीत याचा हिशेब दिला आहे: टास्क_स्ट्रक्ट आणि त्याचा स्टॅक मिळून सुमारे १० किलोबाइट अडकतात, स्ट्रक्ट पिडचे सुमारे ६४ बाइट. कोणी हजारो फाइली उघड्या ठेवल्या तर हा फरक कुठे जाईल ते स्वतःच मोजून पाहा. वाचनाच्या वेळी कर्नल स्ट्रक्ट पिडला विचारतो, तुझ्यामागे जिवंत टास्क आहे का? असेल तर तेवढ्यापुरता टास्कचा रेफरन्स घेतो आणि काम होताच सोडतो. नसेल तर चूक परत करतो. मला कर्नलमधली ही रचना फार सुंदर वाटते.

पुढची पायरी तुमच्या प्रोग्रामसाठी. नवी ‘स्लीप’ सुरू करून तिला ‘क्यू’ म्हणा. ‘ओएस.पिडएफडी_ओपन(क्यू.पिड)’ने मिळालेला डिस्क्रिप्टर, म्हणजे पिडएफडी, ‘डी’मध्ये ठेवा. ‘सिग्नल.पिडएफडी_सेंड_सिग्नल’ने डीवर सिगटर्म पाठवा, मग ‘क्यू.वेट()’ करा आणि तोच सिग्नल पुन्हा पाठवा. दुसऱ्या वेळी चूक येईल. सिग्नल दुसऱ्या कोणाला लागणे शक्यच नाही. शेवटी ‘ओएस.क्लोज(डी)’ करा, कारण घेतलेला रेफरन्स परत करायचाच असतो. एक पथ्य पाळा: नंबरवरून पिडएफडी उघडणे तेव्हाच निर्धोक, जेव्हा प्रोसेस तुमचे स्वतःचे अपत्य आहे आणि तिच्यासाठी अजून वेट झालेले नाही. पिडएफडीने सिग्नल पाठवण्याची सोय २०१९ मध्ये कर्नल ५.१ मध्ये आली. ५.३ मध्ये प्रोसेस संपल्याची वर्दी देणारे पोलिंग आले, ते अँड्रॉइडच्या गरजेतून. मेमरी कमी पडली की फोनमधली एलएमकेडी ही सेवा मागची ॲप मारते. ती ॲप खरोखर संपली का, हे एलएमकेडीला कळायला हवे होते.

कर्नलचा कोड लिहिणाऱ्याने आणखी एक पायरी करावी. रेफरन्स घेणाऱ्या प्रत्येक ‘गेट’समोर तो परत करणारा ‘पुट’ लिहिला आहे का, हे कागदावर तपासा. विशेषतः चुकीच्या प्रसंगी फंक्शन मधूनच परतते त्या वाटांवर. जानेवारी २०१६ मध्ये उघड झालेला सीव्हीई-२०१६-०७२८ हा दोष अशाच एका राहून गेलेल्या ‘पुट’चा होता. तोच कीरिंग, म्हणजे कर्नलमधला किल्ल्यांचा संच, पुन्हा जोडला की त्याच्या रेफरन्सची मोजणी एकाने वाढे, उतरत नसे. ३२ बिटांचा आकडा भरून शून्यावर आला की वापरात असलेली वस्तू मोकळी होई, आणि साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळवता येत. पुढे २०१७ मध्ये कर्नल ४.११ मध्ये अशा मोजणीसाठी ‘रिफकाउंट_टी’ आला. तो भरला तर शून्याकडे न वळता वरच अडकून राहतो. मेमरी थोडी वाया जाते, पण मशिन शाबूत राहते.

हे करून झाले की तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये जिथे नंबर फाइलमध्ये लिहून नंतर ‘किल’ केले आहे ती जागा शोधा, आणि तिथे प्रोसेस सुरू करणाऱ्या प्रोग्रामलाच पिडएफडी धरायला लावा.