सघन लागवड : वावर तेवढेच, झाडे चौपट

आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरी दोन-तीन एकरच वावर आहे. म्हणजे आपण अल्पभूधारक. जमीन वाढणार नाही, मग उत्पन्न कसे वाढवायचे? आणि तेही माती न बिघडवता? याला शाश्वत सघन शेती म्हणतात.

आपल्या नागपुरातच केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, 1976 सालची. त्यांनी कोरडवाहू पऱ्हाटीसाठी सघन लागवड सांगितली. वही काढा, गणित करू. ओळींत 90 सेंमी आणि झाडांत 60 सेंमी अंतर ठेवले, तर एकरात साधारण 7,400 झाडे बसतात. झाडांतले अंतर 15 सेंमी केले की 29,600! आधीच्या झाडाला 20 बोंडे धरली तर एकूण 1,48,000. दाट झाडाला फक्त 8 धरली तरी 2,36,800.

मागच्या आठवड्यात एका मुलीने विचारले, "मॅडम, एवढ्या दाटीत डवरा कसा फिरणार?" मला फार आवडला हा प्रश्न. अगं, ओळीतले अंतर 90 सेंमीच आहे ना! डवरणी अडत नाही.

झाडाला थोडीच बोंडे असली की ती लवकर आणि एकदम फुटतात. गुलाबी बोंडअळीचा जोर शेवटी-शेवटी वाढतो, तोवर वेचणी उरकते. आमच्या घरी एका वर्षी फरदड ठेवली होती. पाणी दिले, खत दिले आणि निघाली सगळी किडकी बोंडे. तेव्हापासून डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवत नाही.

पण सगळ्या वावरांना हे चालत नाही बरं का. 15 सेंमी अंतर हलक्या, उथळ जमिनीसाठी. भारी काळ्या जमिनीत झाड माजते, तिथे 30 सेंमी ठेवतात. वाढ रोखायला संजीवक फवारावे लागते. बियाणे जास्त लागते, म्हणजे पेरणीआधीच जास्त पैसा! पाऊस दडी मारून बसला तर तो मातीतच गेला. 2023 साली आठ राज्यांत याची मोठी प्रात्यक्षिके सुरू झाली, तरी आमच्या बाबांनी पहिल्या वर्षी अर्ध्याच एकरात करून पाहायचे ठरवले. उरलेल्या दीड एकरात नेहमीसारखी कपाशी आणि मधे तुरीचे तास. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र मातीत आणतात, शिवाय घरची डाळ होते.

गृहपाठ : घरी विचारा, आपल्या पऱ्हाटीत किती सेंमी अंतर आहे? मग एकरी झाडे काढून आणा.