पुराच्या खुणेला कामाची जोड
नदीकाठच्या गावांनी करावयाची पूर्वतयारी व पुरानंतरची उभारी

कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांच्या काठची काळीभोर मळी ही मुळात पुराचीच देणगी होय. शेकडो वर्षे नदीने गाळ आणून टाकला, त्यावर आपल्या पूर्वजांनी जोंधळा पिकविला, आणि पुढे ऊस आला. नदी पात्राबाहेर येणे ही गोष्ट या काठाला नवी नाही. नवे आहे ते पुराचे मान. २००५ चा पूर अपवादात्मक समजला गेला. परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर चढली. अवघ्या दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, तिने त्याच ठिकाणी ५६ फूटही ओलांडले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट व राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळून येईल.

असे का होत आहे?

हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. समुद्र व हवा दोन्ही तापत असल्यामुळे पाऊस अधिक दिवस न पडता थोड्या दिवसांत कोसळण्याकडे कल वाढला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र ज्यात मोडतो त्या मध्य भारताच्या पट्ट्यात, विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्याचे त्यात दाखविले आहे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वर येथे एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. घाटमाथ्यावर पडलेले हे पाणी अखेर आपल्याच शिवारात उतरते. धरणांतील साठा, पात्रातील व काठावरील भराव आणि बांधकामे यांचाही पुराशी संबंध आहे. परंतु ते प्रश्न एकट्या गावाला सोडविता येण्याजोगे नाहीत. गावाच्या हाती जे आहे, त्याचाच विचार या पाठात केला आहे.

गाव एकटे पडते तो काळ

२०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. जेथे महामार्गच बंद पडतो, तेथे आडवाटेच्या गावी बाहेरून मदत तात्काळ पोहोचेल अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान येतात व मोलाचे काम करतात; पण एकाच वेळी शेकडो गावे वेढली गेली असता प्रत्येक गावी पहिल्याच दिवशी नाव येणे शक्य नसते. सबब, पहिले दोन-तीन दिवस गावानेच गावाला सांभाळावयाचे आहेत, असे धरून तयारी करावी.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटली आणि लहानथोर अनेक जण प्राणांस मुकले. या दुःखद घटनेपासून प्रत्येक नदीकाठच्या गावाने एक धडा घ्यावा : नाव हा सुटकेचा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. रस्ता कोरडा असताना जो पायी किंवा ट्रॅक्टरने निघाला, त्याला नावेची गरजच पडत नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीतून पूर ओलांडण्याची जुनी रीतही सोडून द्यावी.

माणूस वेळेवर घर का सोडीत नाही?

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या सेवकांना हा अनुभव नित्याचा आहे. दवंडी पिटली, ध्वनिक्षेपकावरून सांगितले, तरी माणसे हलत नाहीत. यास हट्ट म्हणणे सोपे आहे. पण कारण पुष्कळदा गोठ्यात असते. दावणीला दोन दुभत्या म्हशी आहेत, त्यांच्यावर घरखर्च चालतो. त्यांना सोडून जावयाचे कोठे, आणि बरोबर न्यावयाचे तर बांधावयाचे कोठे व घालावयाचे काय? याचे उत्तर मिळेपर्यंत घरचा कर्ता माणूस थांबतो, त्याच्याबरोबर घर थांबते, आणि तोवर रस्त्यावर पाणी येते. म्हणून जनावरांची सोय ही माणसांच्या सुटकेनंतरची बाब नसून तिची पहिली पायरी आहे. जे गाव जनावरे आधी हलविते, त्या गावातील माणसे वेळेवर निघतात.

खुणा कशा ठरवाव्यात?

‘पाणी वाढले तर बघू’ हा निर्णय नव्हे. ‘पाणी अमुक खुणेला टेकले की अमुक काम करावयाचे’ हा निर्णय होय. असे निर्णय महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत, आभाळ निरभ्र असताना घ्यावेत. त्यासाठी पुढील क्रमाने काम करावे.

१. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी पाणी कोठवर आले होते, ते वृद्ध माणसांना व स्त्रियांना विचारून शाळा, चावडी, देऊळ यांच्या भिंतींवर रंगाने नोंदवावे.

२. गावातून बाहेर पडण्याचा जो रस्ता सर्वांत शेवटी बुडतो, तो निश्चित करावा व त्यावरील सर्वांत खोलगट जागा शोधावी. गावाची खरी धोक्याची पातळी तीच होय. घराचा उंबरठा नव्हे.

३. पाणी चढण्याचा वेग आणि गाव रिकामे होण्यास लागणारा वेळ यांचा हिशेब मांडावा.

उदाहरण घेऊ. पाणी साधारणतः तीन तासांत एक फूट चढते आणि सर्व जनावरे व माणसे हलविण्यास बारा तास लागतात, असे समजा. बारा तासांत पाणी चार फूट चढेल. म्हणजे रस्त्याच्या खोलगट जागेपासून चार फूट खाली पाणी असतानाच शेवटचे काम सुरू व्हावयास पाहिजे. रात्र, पाऊस व वीज नसणे यांसाठी आणखी दोन फूट सोडावेत. एकूण सहा फूट झाले. हा आकडा प्रत्येक गावाचा वेगळा येईल. तो दुसऱ्या गावाकडून उसना घेऊ नये.

यावरून तीन खुणा कराव्यात.

पहिली खूण : जवळचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा किंवा ठेंगणा पूल पाण्याखाली गेला. या वेळी नदीकाठच्या मोटारी व विद्युत साहित्य वर काढावे, मळीतील जनावरे गावात आणावीत, बी-बियाणे, खते व कागदपत्रे उंचावर ठेवावीत.

दुसरी खूण : वर सांगितलेल्या हिशेबाच्याही एक-दोन फूट आधी. या वेळी सर्व जनावरे, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, आजारी व वृद्ध माणसे ठरलेल्या उंच जागी जावीत.

तिसरी खूण : हिशेबाने आलेली पातळी. या वेळी उरलेली सर्व माणसे निघावीत. कोणतेही जनावर मागे राहिल्यास त्याचे दावे सोडून द्यावे. बांधलेले जनावर जागीच बुडते, सुटे जनावर उंचवटा शोधते.

गावच्या खुणांबरोबर वरच्या अंगाची वार्ताही घ्यावी. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट व आयर्विन पुलाची ४० फूट आहे. तेथे ही पातळी आली तेव्हा आपल्या गावी पाणी कोठे होते, आणि राधानगरीची स्वयंचलित दारे उघडल्यानंतर किंवा कोयनेतून विसर्ग वाढल्यानंतर किती तासांनी फरक जाणवला, याची नोंद दर पावसाळ्यात करावी. तीन-चार वर्षांची नोंदवही हे गावाचे स्वतःचे पूरशास्त्र होय.

वैरणीचा हिशेब

उंच जागा म्हणजे माळ, शाळेचे पटांगण किंवा शेजारच्या गावाचे गायरान. शेजारगावाशी पावसाळ्यापूर्वीच बोलणी करावी. मोठ्या जनावरास दररोज निदान पाच किलो कोरडी वैरण लागते असे धरल्यास, २०० जनावरांना आठ दिवसांसाठी आठ टन कडबा लागेल. प्रत्येक गोठ्यामागे थोडा थोडा कडबा उन्हाळ्यातच गोळा करून उंच जागी गंज रचावी व झाकावी. दररोज जनावरामागे ४० ते ५० लिटर पिण्याच्या पाण्याचीही व्यवस्था पाहावी. घटसर्प व फऱ्या या रोगांच्या प्रतिबंधक लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात, कारण अनेक गोठ्यांची जनावरे एकत्र आली म्हणजे रोग लवकर पसरतो.

तालीम हवीच

ठरलेली योजना कागदावर राहिली तर प्रसंगी आठवत नाही. ओरिसाच्या, म्हणजे आजच्या ओडिशाच्या, किनाऱ्याचे उदाहरण येथे बोलके आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगावी तरुणांची पथके शिकविली, तालमी घेतल्या. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘फायलिन’ हे तीव्र चक्रीवादळ आले तेव्हा लाखो लोक आधीच हलविले गेले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. आपला पूर वादळाहून सावकाश येतो. म्हणजे आपल्याला वेळ अधिक मिळतो. मे महिन्यात एक दिवस ठरवून खरोखरीच दहा-वीस जनावरे उंच जागेपर्यंत चालवून न्यावीत व घड्याळ लावून वेळ मोजावा. वरच्या हिशेबातील तास खरे की खोटे, ते तेव्हाच कळते.

पूर ओसरल्यावर

पाणी उतरताच घाईने घरात शिरू नये. भिंती, विजेच्या तारा व सर्प यांची आधी पाहणी करावी. मृत जनावरे विहिरी व वस्तीपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. चिखलात काम करताना पायांत गमबूट घालावेत. ताप, पोटऱ्या दुखणे व डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

विहिरीचे गढूळ पाणी उपसून टाकावे व नव्या पाण्यात विरंजक चूर्ण, म्हणजे टीसीएल पावडर, टाकावी. प्रमाण १,००० लिटरला निदान अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ५ मीटर असल्यास पाणी सुमारे ६२,८०० लिटर भरते. त्यास १५७ ग्रॅम पावडर लागेल. तासाभराने ओटी चाचणी घ्यावी. पाण्यास पिवळी छटा न आल्यास मात्रा वाढवावी.

नुकसानीचे पंचनामे महसूल, ग्रामपंचायत व कृषि या विभागांचे कर्मचारी करतात. गावाने आळीवार याद्या आधीच तयार ठेवल्यास काम लवकर व बिनचूक होते. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद वेळेवर केलेली असावी. येथे एक गोष्ट विसरू नये : ज्यांची घरे सर्वांत सखल भागात असतात, त्यांपैकी पुष्कळांच्या नावे सात-बारा नसतो. भूमिहीन मजुराची पडलेली भिंत, वाहून गेलेली शेळी व बुडालेली मजुरी यांचा उच्चार यादीत नसेल, तर गावाची यादी अपुरी समजावी.

शेताची उभारी

प्रथम चर काढून साचलेले पाणी बाहेर काढावे. वाफसा येण्यापूर्वी ओल्या जमिनीत औत अगर ट्रॅक्टर घालू नये; माती दबून पुढील हंगामही वाया जातो.

उसाचे भवितव्य शेंड्यावरून ठरते. काही उसांचे शेंडे उभे चिरून पाहावेत. आतील वाढीचा कोंब पांढरा व टणक असल्यास ऊस जगेल. तपकिरी, मऊ व दुर्गंधीयुक्त असल्यास तो मेला असे समजावे. जगणाऱ्या उसाचे कुजलेले पाचट काढावे, पडलेला ऊस सावरून बांधावा आणि वाफसा येताच शिफारशीप्रमाणे खत देऊन भर लावावी. मेलेल्या अगर पांगशा फुटू लागलेल्या उसाची गावाने एकत्र यादी करून साखर कारखान्याकडे तोडीचा अग्रक्रम मागावा. एकट्या शेतकऱ्याच्या अर्जापेक्षा गावाच्या यादीला वजन असते.

पिवळे पडलेले सोयाबीन तग धरून असल्यास पाण्याचा निचरा करून दोन टक्के युरियाची, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, फवारणी करावी. पीक गेलेच असेल तर हरभरा, गहू किंवा शाळू यांची तयारी करावी. भिजलेले धान्य बियाण्यास वापरण्यापूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजावी. जेथे माती खरवडून गेली, तेथे ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडावा व माती तपासून घ्यावी.

समारोप

पूर अडविणे गावाच्या हाती नाही. पूर येण्यापूर्वी बारा तास निघणे मात्र आहे. भिंतीवरची रंगाची रेघ, उन्हाळ्यात रचलेली कडब्याची गंज व ग्रामसभेच्या वहीतील तीन ओळी यांना फारसा खर्च येत नाही. हे काम आगामी पावसाळ्यापूर्वी पुरे करावे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावाचा सर्वांत शेवटी बुडणारा रस्ता कोणता? त्याची खोलगट जागा कोठे आहे?
२. गावात मोठी जनावरे किती? आठ दिवसांची वैरण कोण, कोठे साठवील?
३. तिसऱ्या खुणेला पाणी टेकल्याचे रात्री कोण पाहील, आणि कोणाला सांगेल?
४. स्वतःच्या पायांनी बाहेर पडू न शकणारी माणसे कोण? प्रत्येकाची जबाबदारी कोणत्या शेजाऱ्यावर?