मोठा टायर, कमी भार

पिकअपला कंपनीने ठरवलेल्या मापापेक्षा किंचित मोठे टायर चढवण्याची हौस हैदराबादेत फार आहे. पावसात तुंबणारे रस्ते, वर्षभराचे खड्डे आणि गाडी जरा भारदस्त दिसावी ही इच्छा, अशी तिन्ही कारणे त्यामागे असतात. हौसेला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती टायरवर छापलेला मजकूर न वाचताच गिऱ्हाइकाला दडपून सांगणाऱ्या दुकानदारांना. आबिड्समधल्या अशाच एका दुकानाने प्रस्तुत लेखकाला दिलेला त्रास अजून ताजा आहे, आणि तो लिहून काढण्यामागे राग हे एक कारण आहे हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरे कारण असे, की ऐन जूनच्या तोंडावर वह्या-पुस्तके आणि कागदाचे गठ्ठे घेऊन देगलूर, उदगीर, नांदेडकडे धावणाऱ्या कितीतरी गाड्यांवर आज तेच टायर आहेत.

गाडीच्या आरसीवर माप होते २१५/७५ आर १५. जुने टायर झिजले होते, बदलायलाच हवे होते. दुकानात लेखकाने विचारायचे ते सगळे विचारले: मोठे माप चालेल का, भार पेलेल का, कुठे घासणार तर नाही ना. उत्तर आले, ‘कुच फरक नै पडता साब. इत्ताच मोटा है, दिखने में भी मस्त. सब लोगां यहीच डालरे.’ चढले ते २३५/७५ आर १५.

आता हिशेब पाहू. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के उंची टायरच्या बाजूला आहे ते, आणि तिसरा डिस्कचा व्यास इंचांत. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. २१५ चे ७५ टक्के १६१.२५, त्याची दुप्पट ३२२.५, दोन्ही मिळून चाकाचा व्यास ७०३.५ मिमी. नव्या टायरचा व्यास याच रीतीने ७३३.५ मिमी निघतो. फरक ३० मिमी, म्हणजे सव्वाचार टक्के. या ३० मिलिमीटरपैकी निम्मेच गाडीच्या उंचीत उतरतात. खड्ड्यांतून वाचण्यासाठी पैसे मोजायचे आणि हाती यायची दीड सेंटिमीटर उंची!

बदल्यात जे जाते ते मोजायला कुणी बसत नाही. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, त्यामुळे गाडी प्रत्यक्ष ८० ने धावत असताना काटा पूर्वीच्या मानाने सव्वातीन किलोमीटर मागे असतो. गाडी प्रत्यक्ष १००० किलोमीटर धावली, तर मीटरवर ९५९ च पडतात. साहजिकच डिझेलचे ‘ॲव्हरेज’ कोसळल्यासारखे दिसते आणि लोक मेकॅनिककडे धावतात. त्यातला चार टक्क्यांचा भाग निव्वळ मीटरचा असतो. उरलेला भाग मात्र जड आणि रुंद टायरचा, आणि तो खरा. गिअरची ओढ तेवढ्याच प्रमाणात कमी होते. ब्रेकचेही तेच: पायाखालचा दाब तोच, चाकाची त्रिज्या जास्त, म्हणून रस्त्यावर लागणारी रोखण्याची ताकद कमी. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. भरलेल्या गाडीत उतारावर जाणवते.

एक गोष्ट दुकानदारांच्या बाजूचीही सांगायला हवी. युरोपातल्या नियमाप्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालतो; त्यामुळे बरेच उत्पादक काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात. म्हणून व्यास एक-दोन टक्के वाढला तर काटा उलट खऱ्याच्या जवळ येतो. म्हणूनच जाणकार तीन टक्क्यांची मर्यादा सांगतात. २२५/७५ आर १५ घेतला असता तर वाढ दोन टक्क्यांच्या आसपास राहिली असती. ते माप दुकानात नव्हते. ‘नाही’ म्हणण्याऐवजी जे होते ते विकले गेले.

पण व्यासाचा हा सगळा भाग दुय्यम. खरा घात भाराच्या आकड्यात होता, आणि तो कळला आबिड्सपासून दूर, संगारेड्डीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर. देगलूरला निघालेल्या गाडीत कागद भरला होता. कागद दिसतो त्याहून फार जड असतो: ७५ जीएसएमच्या ए-४ ची एक रीम सव्वादोन किलोच्या पुढे जाते, ५०० रीम म्हणजे जवळपास ११७० किलो. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीत भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांसाठी ५० च्या वर पीएसआय हवा लिहिलेली. हवा भरणाऱ्या पोराला तेवढी सांगितली. त्याने नळी लावण्याआधी खाली वाकून टायर वाचला आणि मान वर करून म्हणाला, ‘चवालीस के ऊपर नक्को भरो लिखके है साब. ये मोटर का टायर है, माल का नै.’

टायरवर खरोखरच कमाल दाब ४४ पीएसआय असे छापलेले होते. दुकानातल्या माणसाला जे वाचता आले नाही, किंवा वाचायचे नव्हते, ते पंपावरच्या पोराने एका नजरेत वाचले.

टायरच्या मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा म्हणजे लोड इंडेक्स. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०६ म्हणजे ९५०, ११० म्हणजे १०६०. अक्षर वेगमर्यादेचे: क्यू म्हणजे ताशी १६० किमी, एस म्हणजे १८०. उतरवलेले जुने टायर एलटी वर्गाचे, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांसाठीचे, आठ प्लायचे होते. त्यांवर १०६/१०३ होते. दोन आकडे असतात कारण दुसरा जोडचाकांसाठीचा. नव्या टायरवर एकच आकडा: १०५. एलटीचा पत्ता नाही. म्हणजे टायर रुंद झाला, उंच झाला, महाग झाला आणि प्रत्येक चाकामागे २५ किलो कमी पेलणारा झाला.

२५ किलोंचे ते काय, असे वाटेल. गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. मोटारीच्या वर्गातला टायर मालवाहू गाडीला लावायचा असेल, तर अमेरिकेतल्या रीतीप्रमाणे त्याच्या छापील भाराला १.१ ने भागतात, कारण अशा गाडीवर भार कलतो, आदळतो, एका बाजूला सरकतो. ९२५ चे मग ८४१ होतात. मागच्या आसावर १८०० किलो येत असतील तर प्रत्येक चाकावर ९०० आले. कागदावर पुरेसा दिसणारा टायर इथे उघड कमी पडतो. शिवाय भार पेलतो तो रबर नव्हे, आतली हवा. आणि ती हवा ४४ च्या वर न्यायची नाही. कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते, दुमडण्यातून उष्णता वाढते आणि थर सुटू लागतात. मे महिन्यात तेलंगणातला डांबरी रस्ता कसा तापतो हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

हे भय काल्पनिक नाही. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत टायर परत मागवायला सुरुवात केली. त्या वेळी रस्त्यावर असलेल्या अशा टायरांची संख्या सुमारे ६५ लाख होती, आणि १५ इंची ‘वाइल्डरनेस एटी’चे माप होते पी २३५/७५ आर १५. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर त्यांचे थर सुटून गाड्या उलटत होत्या. तिथल्या सरकारी यंत्रणेने २७१ मृत्यू या टायरांशी जोडले. दोष मापाचा नव्हता, टायरच्या घडणीचा होता. पण त्या वादात हवेचा दाब केंद्रस्थानी आला: फोर्ड २६ पीएसआय सांगत होती, फायरस्टोन ३०. त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला आणि पुढे टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा तिथल्या नव्या गाड्यांत सक्तीची झाली. चार पीएसआयवरून एवढे रामायण घडले, आणि इथे दुकानदार दहा-बारा पीएसआयची तफावत ‘कुच फरक नै’ म्हणून विकतो.

देगलूरची ती फेरी निम्मा माल उतरवून, सावकाश चालवत पार पडली. परत आल्यावर दुकानात काय झाले, हे सविस्तर सांगायलाच हवे. तोच माणूस, तेच काउंटर. आधी म्हणाला, हवा कमी ठेवा. मग म्हणाला, माल कमी भरा. टायरवरचा आकडा दाखवल्यावर म्हणाला, ‘आपीच तो बोले थे बडे डालो.’ समोर चहा मागवला होता, आवाज चढवला नाही, आणि याच शांतपणाची चीड जास्त येते. जुने टायर बदल्यात घेतले होते, ते ‘गए साब’. बिलावर फक्त ‘टायर, नग चार’. माप नाही, कंपनी नाही, काही नाही. शेवटी त्याने टायर अर्ध्याहून कमी किमतीला परत घेण्याची तयारी दाखवली, जणू उपकार करतो आहे.

घासण्याचा प्रश्न तर अजून राहिलाच. टायर २० मिमी रुंद झाला की प्रत्येक बाजूला १० मिमी बाहेर येतो, त्रिज्या १५ मिमीने वाढते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढचे चाक मडफ्लॅपला किंवा आतल्या पत्र्याला लागते. आबिड्समधल्या जुन्या व्यापारी इमारतींच्या तळघराचे उतार अरुंद आणि एकदम वळणारे आहेत. भरलेली गाडी तिथे घालताना येणारा तो खर्र आवाज ऐकावा. दुकानाच्या दारात, रिकाम्या गाडीत, स्टिअरिंग सरळ ठेवून केलेली ‘फिटिंग’ची तपासणी म्हणून निरुपयोगी. टायर घ्यायला जाताना गाडीत थोडा माल असू द्यावा, दोन्ही बाजूंना स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवावे, एक चाक फुटपाथवर चढवून पुन्हा फिरवावे. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा.

स्टेपनी कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीच्या पोटाखालच्या जागेत मोठे चाक बसतेच असे नाही, आणि जुन्या मापाची स्टेपनी मागच्या आसावर लावली तर दोन चाके दोन व्यासांची होऊन डिफरन्शियल सतत फिरत राहते. फोर-बाय-फोर गाडीत पुढचे आणि मागचे माप वेगळे असणे याहून वाईट. बदलायचे तर पाचही बदलावेत.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. खासगी मोटारीच्या बाबतीत टायरच्या मापाची नोंद शोधावी लागते. मालवाहू गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात प्रत्येक आसावरच्या टायरची संख्या आणि माप यांसाठी स्वतंत्र रकानाच आहे. पासिंगच्या वेळी तो रकाना आणि टायर शेजारी शेजारी ठेवून पाहिले जाऊ शकतात. नवी मालवाहू गाडी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला न्यावी लागते, म्हणजे प्रश्न टळत नाही. विमा कंपनीला आधी लेखी विचारावे. टायरवर आयएसआय चिन्ह आहे का पाहावे. निर्मितीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेले असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हवा गार टायरमध्येच मोजावी. या गोष्टी सगळेच सांगतात, तरी सांगितल्या.

बिलाबद्दल मात्र आग्रहाने. पूर्ण माप, लोड इंडेक्स, एलटी असल्यास तो शब्द, निर्मितीचे चार आकडे, हे सारे बिलावर लिहून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा ‘बिल के बिना सस्ता पडता’ या बोलण्याला भुलू नये. ‘धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असेही या दुकानातून ऐकवले गेले. ते अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी हेतूची खरेदी वगळतो, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. एकच गाडी स्वतः चालवून पोट भरणाऱ्याने हे वाक्य ऐकून मागे फिरू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गाडीवर आता पुन्हा २१५/७५ आर १५, एलटी, १०६/१०३ आहेत, दुसऱ्या दुकानातून घेतलेले. मोठे टायर त्या माणसाला अर्ध्या किमतीत दिले नाहीत. ज्याच्या मोटारीच्या आरसीवर तेच माप आहे अशा एका ओळखीच्या गृहस्थाने ते वाजवी भावाने घेतले. त्यांच्या गाडीला १०५ चा आकडा पुरतो, कारण ती माल वाहत नाही. तक्रारीसाठी उपयोगी पडले ते जुने टायर उतरवण्याआधी सहज काढलेले फोटो, ज्यांत १०६/१०३ स्पष्ट दिसतात. टायर बदलायला जाणाऱ्याने जॅक लागण्यापूर्वी चारही टायरांच्या बाजूंचे आणि दाराच्या खांबावरच्या पट्टीचे असे फोटो काढून घ्यावेत, आणि दुकानदाराने दिलेली प्रत्येक खात्री त्याच्याच फोनवरून मेसेजमध्ये मागून घ्यावी.