पानाचं दुखणं वेगळं, खोडाचं वेगळं

आळंद तालुक्यात आमच्या मामांची द्राक्षबाग आहे. काळी, चुनखडीची जमीन, पाणी बोअरचं. एका उन्हाळ्यात पानांच्या कडा करपू लागल्या आणि भेटेल तो औषध सांगू लागला. कुणी लोह म्हणे, कुणी झिंक. दुकानातून पुड्या यायच्या, फवारणी व्हायची, फरक शून्य.

लोह कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्याच राहतात. मॅग्नेशियमची उणीव जुन्या पानांत शिरांच्या मधल्या भागात दिसते. मामांकडं जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळत होत्या. देठ तपासून घेतले, तर पालाश कमी आणि सोडियम भरपूर. बोअरचं पाणी खारट, त्यात डॉगरीजचा खुंट. अशा जमिनीत ही जोडी हमखास त्रास देते.

खताचा बंदोबस्त झाला, पण खरड छाटणीनंतर काही ओलांडे फुटलेच नाहीत. मामा म्हणाले, "अजून पालाश कमी पडतोय बघ." मला ते पटेना. एक ओलांडा करवतीनं आडवा कापून बघितला. जुन्या छाटणीच्या जखमेपासून आतपर्यंत पाचरीच्या आकाराचा तपकिरी डाग गेला होता. भुसा नाही, भोक नाही, म्हणजे खोडकिडा नव्हे. ही बुरशीची मर. क्षारानं दमलेली वेल तिला लवकर बळी पडते, पण एकदा लाकडात शिरलेली बुरशी खतानं निघत नाही. पांढरं, निरोगी लाकूड लागेपर्यंत कापत जायचं, कापलेलं बागेबाहेर नेऊन जाळायचं. जखमेवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, आणि बादली प्लास्टिकचीच. त्यात लोखंडी विळा बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला. पावसात छाटणी करू नका.

क्षारासाठी जो तो जिप्सम सांगतो. मुक्त चुना असलेल्या जमिनीत मात्र गंधक घालावं लागतं. गंधकाची आम्लता त्याच चुन्याचं जिप्सम करते, ते सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतं, आणि मग गोडं पाणी मिळालं तरच तो मुळांखाली जातो. म्हणून बीदरच्या लाल, जांभ्या जमिनीतल्या पाहुण्याचा डोस आळंदच्या काळ्या रानात उतरवू नका. माती वेगळी, तर हिशोबही वेगळा.

देठाचा नमुना वेळेवर घ्या: खरड छाटणीनंतर साधारण 45 दिवसांनी काडीच्या तळापासून पाचव्या पानाचा, आणि फळ छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. करपलेल्या आणि चांगल्या वेलींचे देठ एका पिशवीत घालू नका. बोअरच्या पाण्याची बाटलीही सोबत द्या.