परदेशप्रवासाचा विमा : घ्यावा की न घ्यावा?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की माझ्या दवाखान्यात बालरुग्णांबरोबर त्यांचे आजी-आजोबाही येऊ लागतात. नातवंडाच्या लशीचे काम आटोपले की मग हळूच स्वतःचा प्रश्न काढतात. मुलगा न्यू जर्सीला किंवा मुलगी टोरांटोला असते, तिकिटे काढून झालेली असतात. आता प्रवास विमा घ्यावा, की तो निव्वळ भुर्दंड आहे, असा तो प्रश्न असतो. बालरोगतज्ज्ञाने याचे उत्तर द्यावे काय, हा प्रश्न वेगळा. परंतु बडोद्यातील कितीतरी मराठी घरांतील एक पिढी आज परदेशी आहे, आणि विमा एजंटापेक्षा घरच्या डॉक्टरांवर विश्वास ठेवण्याची आपल्या मंडळींची सवय अद्याप सुटलेली नाही. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले, ते आपल्या व्यवसायबंधूंपुढे आणि समाजबांधवांपुढे मांडत आहे.

प्रथम विम्याचा स्वभाव ध्यानात घ्यावा. विमा कंपनी हप्त्यांतून जी रक्कम गोळा करते, तिच्यातूनच ती दावे भागवते, कार्यालय चालवते, एजंटाला कमिशन देते आणि नफाही मिळवू पाहते. तेव्हा सर्व ग्राहकांचा एकत्रित विचार केला तर भरलेल्या पैशांपेक्षा परत मिळालेले पैसे सामान्यतः कमीच असणार. म्हणून 'मागच्या खेपेला विमा घेतला, काहीच झाले नाही, पैसे फुकट गेले' ही तक्रार जितकी पोकळ, तितकाच 'विमा हा घ्यावाच' हा सरसकट सल्लाही पोकळ. संभाव्य नुकसान आपल्याला पेलवणारे आहे की नाही, ही खरी कसोटी. पेलवणारे असेल तर विमा घेणे तोट्याचे. पेलवणारे नसेल तर तोच तोटा आनंदाने सोसावा.

ही कसोटी लावली की पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलेल्या निम्म्या गोष्टी गळून पडतात. बॅग हरवणे, विमान उशिरा सुटणे, पासपोर्ट गहाळ होणे ही मनस्तापाची प्रकरणे खरीच. पण त्यांनी कोणाचे घर बुडत नाही. शिवाय चेक-इन केलेल्या बॅगेची जबाबदारी १९९९च्या माँट्रियल करारान्वये मुळातच विमानकंपनीवर आहे, आणि भारत २००९पासून त्या कराराचा भागीदार आहे. घर बुडते ते रुग्णालयाच्या बिलाने. तेव्हा पॉलिसी निवडताना बॅगेचे कलम वाचण्यात वेळ घालवू नये. वैद्यकीय खर्चाची मर्यादा किती, आणि ती कोणत्या अटींनी आतून पोखरलेली आहे, एवढेच पाहावे.

आता देशांचा विचार करू. युरोपातील शेंगेन देशांसाठी हा प्रश्नच उरत नाही. किमान ३०,००० युरोचा, आकस्मिक उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारा विमा असल्याखेरीज तेथील अल्पकालीन व्हिसा मिळत नाही. कॅनडाने आईवडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी जो सुपर व्हिसा ठेवला आहे, त्यालाही किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. मात्र साध्या पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यांवर कॅनडात ती सक्ती नाही, आणि तेथील सरकारी मोफत उपचार पाहुण्यांसाठी नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. इंग्लंडमध्ये अपघात विभागातील तपासणी पाहुण्यालाही मोफत मिळते. परंतु वॉर्डात दाखल केले की परदेशी पाहुण्याला ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते.

खरा प्रश्न अमेरिकेचा. तेथे पर्यटक व्हिसाला विमा लागत नाही, आणि वैद्यकीय खर्च जगात सर्वांत अधिक तेथेच. 'अमेरिकेत रुग्णाला दारातून परत पाठवीत नाहीत' असे आपल्याकडे सांगतात. ते अर्धे खरे आहे. १९८६च्या कायद्याने तेथील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांना, पैशांची ऐपत न पाहता, रुग्णास तपासून स्थिर करणे भाग आहे. पण तो कायदा बिल माफ करीत नाही. बिल मागाहून येते, आणि एकच येत नाही : रुग्णवाहिकेचे वेगळे, रुग्णालयाचे वेगळे, तपासणाऱ्या डॉक्टरांचे वेगळे, क्ष-किरण वाचणाऱ्याचे आणखी वेगळे. आईवडिलांचे हे देणे मग मुलाच्या बचतीवर येऊन पडते. म्हणून अमेरिकेला जाणाऱ्या साठीच्या पुढील व्यक्तीने विमा घ्यावाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण कोणता? येथे बारीक अक्षरे येतात. अमेरिकेत पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पॉलिसी ढोबळमानाने दोन जातींच्या असतात. एकीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, मग बिल कितीही येवो. हप्ता स्वस्त, म्हणून ज्येष्ठांच्या गळ्यात बहुधा हीच पडते. दुसरीत सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरल्यावर उरलेल्या बिलाचा बहुतांश भाग कंपनी उचलते. पहिल्या जातीची पॉलिसी घेऊन छातीत कळ आली, तर मिळालेल्या रकमेने बिलाचा एक कोपराही झाकत नाही. आपल्याकडून घेतलेल्या पॉलिसींतही साठीनंतर खोलीभाडे, शल्यचिकित्सा, अतिदक्षता यांवर पोटमर्यादा घातलेल्या अनेकदा आढळतात. पहिल्या पानावरचा लाख डॉलरचा आकडा त्या पोटमर्यादांपुढे शोभेपुरता राहतो. सुरुवातीचा खर्च स्वतः सोसण्याची रक्कम वाढवून घ्यावी आणि वाचलेल्या हप्त्यातून एकूण मर्यादा वाढवावी, हे मला शहाणपणाचे वाटते.

सर्वांत मोठा खळगा पूर्वीपासून असलेल्या आजाराचा. साठीच्या पुढे रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांपैकी काहीच नाही असा प्रवासी विरळा. आणि परदेशी ज्याची भीती बाळगावी तो हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात बहुधा त्यांच्याच पाठीवर बसून येतो. बहुतेक पॉलिसी असा आजार वगळतात, किंवा केवळ प्राणसंकटापुरता आणि छोट्या मर्यादेत घेतात. अमेरिकी पॉलिसींत जुन्या आजाराचा अकस्मात उद्भवलेला तीव्र झटका एवढाच धरला जातो, तोही विशिष्ट वयापर्यंत आणि ठरलेल्या तासांत उपचार घेतले तरच. हे कलम शोधून वाचावे. बाकी पुस्तिका नाही वाचली तरी चालेल.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा ६ डिसेंबर २०२१ चा निर्णय प्रत्येक डॉक्टराने जाणून घेण्यासारखा आहे. २००९मध्ये एक गृहस्थ परदेशप्रवासाचा मेडिक्लेम घेऊन अमेरिकेस निघाले. त्यांना मधुमेह होता, तो त्यांनी प्रस्तावात नमूद केला होता, आणि कंपनीच्या मागणीप्रमाणे वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना घाम फुटला, अशक्तपणा आला. रुग्णालयात अँजिओप्लास्टी होऊन तीन स्टेंट बसले. कंपनीने दावा नाकारला : मधुमेह आणि रक्तातील वाढलेली चरबी हे जुने आजार होते, आणि स्टॅटिन चालू असल्याचे सांगितले नव्हते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१५मध्ये त्यांची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र म्हटले की, प्रकृतीची माहिती घेऊन, ती जोखून एकदा पॉलिसी दिली, की जाहीर केलेल्या त्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येणार नाही. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला. पण त्यासाठी १२ वर्षे लागली, हेही विसरू नये.

दुसरी बाजूही पाहावी. २००९मध्येच त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका मेडिक्लेम प्रकरणात, जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार लपविल्याबद्दल दावा नाकारणे योग्य ठरविले होते. दोन्ही निर्णय शेजारी ठेवले की फरक उघड होतो. पहिल्या गृहस्थांनी मधुमेह लिहिला होता, म्हणूनच ते लढू शकले.

आणि येथे आपल्या व्यवसायाचा संबंध येतो. 'डॉक्टरसाहेब, बीपीचं लिहू नका हो, हप्ता वाढतो' ही विनंती आपल्यापैकी कोणास झाली नसेल? ती करणारे आपले स्नेहीच असतात, कधी वडीलधारेही. नकार देणे जड जाते. मी नकार देतो. खोटा दाखला देणे हा २००२च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार गैरवर्तनाचा भाग आहे, हे कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की, त्या दाखल्याने रुग्णाचे भले होत नाही. दाव्याच्या वेळी कंपनी मायदेशातील जुने केसपेपर मागविते, औषधांच्या दुकानाची बिले मागविते, आणि परदेशी रुग्णालयात शुद्धीवर आलेला रुग्ण स्वतःच 'दहा वर्षांपासून गोळी घेतो' असे प्रामाणिकपणे सांगतो. आपण झाकलेले तेथे उघडे पडते, आणि मग ज्या दिवसासाठी हप्ता भरला त्याच दिवशी पॉलिसी कागद ठरते. याउलट आपल्या केसपेपरवर औषध कशासाठी दिले तेही लिहावे. मधुमेह्याला प्रतिबंधक म्हणून स्टॅटिन देणे ही आज सर्वमान्य पद्धत आहे. 'प्रतिबंधक' हा एक शब्द तेथे असला तर उद्याचा वाद टळू शकतो.

मुलांच्या बाबतीत माझा अनुभव थोडा निराळा आहे. मुलांचा हप्ता कमी असतो, जुने आजार क्वचित असतात, म्हणून विमा सहसा कामी येतो. माझ्या एका चार वर्षांच्या रुग्णाला अमेरिकेत मामाकडे असताना तापात झटका आला. दीड वर्षाचा असताना त्याला असा एक झटका येऊन गेला होता, आणि वडिलांनी तो अर्जात लिहिला होता. हा जुना आजार नव्हे काय, असे कंपनीने विचारले. मी पत्र दिले : तापातील साधा झटका म्हणजे अपस्मार नव्हे, सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरांतील दोन ते पाच मुलांना तो येतो, त्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला पुन्हा येतो, आणि या खेपेचा ताप हा नवाच आजार आहे. दावा मंजूर झाला. अशा मुलांच्या पालकांजवळ प्रवासापूर्वीच तसे पत्र देऊन ठेवावे, असा माझा प्रघात आहे. दम्याच्या मुलांसाठीही तेच. मात्र अगदी लहान अर्भकांना, काही पॉलिसींत तीन तर काहींत सहा महिन्यांपर्यंत, विम्यात घेतच नाहीत. नातीला घेऊन निघालेल्या आजीने हे आधी विचारावे.

देशांतर्गत प्रवासाविषयी थोडक्यात. घरी चालू असलेला मेडिक्लेम भारतभर लागू असतो, तेव्हा पुणे-मुंबईसाठी निराळा वैद्यकीय विमा नको. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटाबरोबर एक रुपयाहूनही कमी खर्चात १० लाखांपर्यंतचा विमा मिळतो. तो जरूर घ्यावा, पण तो रेल्वे अपघातासाठी आहे. गाडीत हृदयविकाराचा झटका आला तर त्याचा उपयोग नाही. केदारनाथला किंवा नेपाळमार्गे कैलासला जाणाऱ्यांनी मात्र उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरचा खर्च ही दोन कलमे पाहिल्याखेरीज निघू नये.

राहता राहिली तारखांची गोष्ट. आपल्याकडील पॉलिसी देश सोडण्यापूर्वी घ्यावी लागते, आणि एका प्रवासासाठी ती बहुधा १८० दिवसांपर्यंत मिळते. मार्च २०२०मध्ये विमाने बंद झाली तेव्हा अनेक आईवडील मुलांकडे अडकले आणि पॉलिसीची मुदत संपत आली. मुदतवाढ संपण्यापूर्वी मागितली तरच सामान्यतः मिळते, म्हणून परतीच्या तारखेपुढे दहा-पंधरा दिवस धरूनच पॉलिसी घ्यावी. मदत कंपनीचा दूरध्वनी क्रमांक, औषधांची मूळ नावांसह यादी आणि शेवटचा ईसीजी हे तिन्ही हातातल्या पिशवीत असावेत. चेक-इनच्या बॅगेत नव्हे.