सर्व्हरचे इशारे आणि त्यांची तीव्रता

सातबाराचा उतारा असो, बँकेचे खाते असो वा रुग्णालयातील नोंद असो, ती आज सर्व्हर या अहोरात्र चालणाऱ्या संगणकावर ठेवलेली असते. त्यातील डिस्क, पंखे, वीजपुरवठ्याचे संच यांत काही बिघडल्यास देखरेख प्रणालीकडे इशारा जातो. कोणत्या इशाऱ्यासाठी तंत्रज्ञाला मध्यरात्री उठवावयाचे आणि कोणता नुसता नोंदवून ठेवावयाचा, हे ठरविण्याकरिता तीव्रतेच्या पातळ्या योजण्यात आल्या आहेत.

एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या सिस्लॉग पद्धतीत ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. अंक जितका लहान, तितके संकट मोठे. ० म्हणजे आणीबाणी, २ गंभीर, ४ ताकीद आणि ६ केवळ माहिती. नागिऑस या प्रणालीत मात्र ० म्हणजे सर्व ठीक, १ ताकीद, २ गंभीर आणि ३ म्हणजे स्थिती अज्ञात. एकाच केंद्रात दोन्ही वापरात असल्यास शून्याचा अर्थ एकीकडे आणीबाणी, तर दुसरीकडे क्षेम असा होतो! म्हणून पातळ्यांचा मेळ घालणारा तक्ता प्रथम तयार करणे इष्ट होय.

यंत्राने लावलेली पातळी जशीच्या तशी स्वीकारणेही योग्य नव्हे. रेड-५ या रचनेत एक डिस्क निकामी झाली, तरी उरलेल्या डिस्कवरून तिच्यातील माहिती सिद्ध करता येते. काम चालूच राहते आणि वापरणाऱ्यास काही जाणवत नाही. म्हणून हा इशारा साधी ताकीद समजण्याकडे कल होतो. परंतु नवी डिस्क बसवून तिच्यावर माहिती पुन्हा भरली जाईपर्यंत दुसरी डिस्क गेल्यास त्या संचावरील माहिती हातची जाते. हे काम कित्येक तास चालते आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर अधिक ताण असतो. तेव्हा हा इशारा गंभीरच मानला पाहिजे. याउलट, स्मृतिपट्टीने स्वतःच दुरुस्त केलेली एखादी चूक नोंदविली तरी पुरे. त्याच पट्टीच्या चुका वाढू लागल्या, तर मात्र पातळी चढवावी.

खोट्या इशाऱ्यांचा उपद्रव वेगळाच. तापमान क्षणभर वाढून उतरले, तरी प्रत्येक वेळी घंटा वाजू लागल्यास कर्मचारी खऱ्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करू लागतात. यास्तव नागिऑसमध्ये ठराविक वेळा फेरतपासणी झाल्यावरच सूचना धाडण्याची सोय आहे.

इशारा आला नाही, म्हणजे सर्व कुशल आहे असेही नाही. एसएनएमपी पद्धतीचे साधे इशारे पोच न घेता पाठविले जातात आणि वाटेत हरवूही शकतात. म्हणून प्रणालीने दर काही मिनिटांनी सर्व्हरला स्वतः विचारणा करावी. उत्तर न आल्यास ती स्थिती ‘ठीक’ या सदरात न टाकता, तिचीही सूचना तंत्रज्ञाकडे जाईल अशी व्यवस्था ठेवावी.